रायझोबियम जिवाणू संवर्धक

रायझोबियम जिवाणू संवर्धक हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या उपयुक्त जिवाणूंचे खत आहे. हे जिवाणू शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी निर्माण करतात आणि हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात. पेरणीपूर्वी बियाण्याला लावावयाच्या या खतास बोलीभाषेत ‘कल्चर’ म्हणतात. सोयाबीन व भुईमूग ही खरीप पिके घेणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याचा विशेष उपयोग होऊ शकतो. रासायनिक खताप्रमाणे हे खत निर्जीव नसते. योग्य जातीचे जिवाणू मुळापर्यंत जिवंत पोहोचले तरच त्याचा लाभ मिळतो.

इतिहास

कडधान्यानंतर घेतलेले पीक जोमदार येते, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. म्हणूनच हरभरा, तूर यांसारख्या पिकांचा बेवड चांगला समजला जातो. यामागील कारण जर्मन शास्त्रज्ञ हेल्रीगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात स्पष्ट केले. १८८८ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा केला. १८९६ मध्ये नोब्बे व हिल्टनर यांनी अशा संवर्धकाचे पेटंट घेतले. भारतात या विषयावरील आरंभीचे संशोधन एन. व्ही. जोशी यांनी १९२० च्या सुमारास केले.

कार्यपद्धती

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असला तरी वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. शेंगवर्गीय रोपाच्या मुळातून स्रवणाऱ्या फ्लाव्होनॉइड द्रव्यांमुळे जिवाणू आकर्षित होतात. त्यांच्याकडून मिळालेल्या रासायनिक संकेताने मुळावरील केस वाकतात, जिवाणू आत शिरतात आणि गाठ तयार होते. भुईमुगात मात्र ते उपमुळे फुटताना पडणाऱ्या फटींतून प्रवेश करतात. गाठीतील नायट्रोजिनेज हे विकर नत्रवायूचे अमोनियात रूपांतर करते. त्याच्या मोबदल्यात वनस्पती जिवाणूंना शर्करेपासून मिळणारी ऊर्जा पुरवते. हे विकर प्राणवायूने निकामी होते. लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगाचे प्रथिन प्राणवायूचे प्रमाण मर्यादित ठेवते. त्यामुळे कार्यक्षम गाठ कापल्यास आतून गुलाबी दिसते.

पीकगट

प्रत्येक जिवाणू प्रत्येक पिकावर गाठी करीत नाही. पिशवीवरील पिकाचे नाव पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते. प्रमुख गट असे :

• सोयाबीन : ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम
• भुईमूग, तूर, मूग, उडीद, चवळी : चवळी गटातील ब्रॅडिरायझोबियम
• हरभरा : मेसोरायझोबियम सिसेरी
• वाटाणा, मसूर : रायझोबियम लेग्युमिनोसॅरम

कोल्हापूर जिल्ह्यातील परिस्थिती

चवळी गटातील जिवाणू येथील जमिनींत सामान्यतः आढळतात, परंतु ते सर्वच सारखे कार्यक्षम नसतात. सोयाबीन हे मूळचे पूर्व आशियातील पीक आहे. ज्या शेतात ते पूर्वी घेतलेले नाही, तेथे त्याचे जिवाणू पुरेसे नसण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी पहिल्या पेरणीच्या वेळी संवर्धकाचा परिणाम ठळक दिसू शकतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीलगत अतिपावसाचा प्रदेश असून तेथील तांबड्या, जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत. आम्लतेमुळे जिवाणू कमी तगतात आणि नायट्रोजिनेजला लागणाऱ्या मॉलिब्डेनमची उपलब्धता घटते. तेथे माती परीक्षणानुसार चुन्याचा वापर उपयुक्त ठरतो. पूर्वेकडील शिरोळ, हातकणंगले भागांत काळ्या जमिनी आहेत. तेथे पाणी साचल्यास किंवा जमीन क्षारपड झाल्यास गाठींचे कार्य मंदावते.

उसात सोयाबीन किंवा भुईमुगाचे आंतरपीक घेण्याची पद्धत या भागात आहे. उसासाठी दिलेला युरिया आंतरपिकाच्या मुळांजवळ पडल्यास गाठींची वाढ दबते, कारण तयार नत्र मिळत असल्यास वनस्पती गाठींवर ऊर्जा खर्च करीत नाही. त्यामुळे उसाचे खत उसाच्या ओळीलगतच देणे हितावह असते.

वापर

साधारणपणे १० ते १५ किलो बियाण्यास २५० ग्रॅम भुकटी संवर्धक वापरतात. १ लिटर पाण्यात सुमारे १२५ ग्रॅम गूळ विरघळवून द्रावण उकळून थंड करतात. त्यात संवर्धक कालवून बियाण्यावर केवळ पातळ थर बसेल इतके शिंपडतात. सोयाबीन व भुईमुगाची साल नाजूक असल्याने बियाणे जोरात चोळू नये किंवा जास्त ओले करू नये. नंतर ते सावलीत सुकवून लगेच पेरतात.

बुरशीनाशक व कीटकनाशकाची प्रक्रिया आधी आणि जिवाणूंची सर्वांत शेवटी करतात. काही बुरशीनाशके जिवाणूंना मारक असल्याने लेबलवरील सूचना पाहणे गरजेचे आहे. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही सोबत लावता येतात. जमिनीत स्थिर झालेला स्फुरद ते पिकास उपलब्ध करून देतात.

गुणवत्ता

भारतात २००६ पासून जैविक खतांचा समावेश खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये करण्यात आला. त्यानुसार रायझोबियमच्या भुकटीत प्रतिग्रॅम किमान ५ कोटी, तर द्रवरूप खतात प्रतिमिलिलिटर किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत संपलेल्या पिशवीत ही संख्या झपाट्याने घटते. बाहेरून मात्र हा फरक ओळखता येत नाही.

मर्यादा

संवर्धकाने उत्पादनवाढ हमखास होतेच असे नाही. जमिनीत कार्यक्षम जिवाणू आधीच विपुल असल्यास फरक अल्प राहतो. स्फुरद किंवा गंधकाची कमतरता असल्यासही अपेक्षित लाभ मिळत नाही. जगभरातील प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात सोयाबीनच्या नत्राच्या गरजेपैकी सरासरी ५० ते ६० टक्के भाग जैविक स्थिरीकरणातून भागतो, असे आढळले आहे. उरलेला भाग जमिनीतून किंवा खतांतून यावा लागतो.

परिणाम तपासण्यासाठी पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी काही रोपे मुळांभोवतीच्या मातीसह खणून काढतात. रोप उपटल्यास गाठी जमिनीतच तुटून राहतात. गाठी आतून गुलाबी असल्यास स्थिरीकरण चालू आहे असे समजतात. पांढरट किंवा हिरवट गाठी अकार्यक्षम असतात.