एका इंचाच्या माणसाचें विमान

कवठे महांकाळ हें सांगली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. बार्शी लाइट रेल्वेची पंढरपूर-मिरज गाडी १९२७ सालीं या बाजूनें धांवूं लागली, तेव्हां तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट होतें. मोठ्या मार्गावर तेंच साडेपांच फूट असतें. पुढें हा मार्ग रुंद झाला. परंतु त्या लहान गाडीनें पंढरीस गेलेल्यांच्या ध्यानांत एक गोष्ट सहज आली असेल. रूळ जवळ आले, तरी उतारू कांहीं लहान झाला नव्हता. बांक बसण्याजोगा होता, दाराची मूठ हातांत मावेल एवढी होती आणि खिडकी डोळ्यांच्या उंचीवर होती. गाडी लहान होती. ती मोठ्या गाडीची प्रतिकृति नव्हती. प्रतिकृतींत माणूसही लहान व्हावा लागतो, आणि त्याच्या मागोमाग बांक, मूठ, पट्टा, खिळा, सारेंच त्याच हिशेबानें लहान व्हावें लागतें. हा हिशेब कोठें चुकतो, तें ओळखण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे विमानाच्या प्रतिकृतींतील कॉकपिट, अर्थात् वैमानिकाची बसण्याची जागा.

विमानांच्या प्रतिकृति करणाऱ्यांत १/७२ हें प्रमाण फार रुळलेलें आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हां या प्रमाणांत सहा फुटी माणूस बरोबर एक इंच उंच होतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील मुलांकडून याच प्रमाणाच्या पांच लाख लांकडी प्रतिकृति मागविल्या होत्या. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हें नुसत्या आकृतीवरून ओळखण्याचा सराव सैनिकांस द्यावयाचा होता. त्या प्रतिकृति भरीव व काळ्या असत. त्यांस कॉकपिट नसे, आणि असण्याचें कारणही नव्हतें. जमिनीवरून वर पाहणाऱ्यास विमानाच्या पोटांतलें काय दिसणार! हौशी कारागिराची प्रतिकृति मात्र टेबलावर उभी राहते. पाहणारा तिच्याकडे वरून पाहतो, आणि त्याची नजर प्रथम जाते ती जेथें माणूस बसत असे तेथें.

या दृष्टीनें ब्रिटिश नौदलाचें एक जुनें द्विपंखी विमान कारागिराची खरी परीक्षा घेतें. 'फेअरी सॉर्डफिश' हें त्याचें नांव. त्याचें पहिलें उड्डाण १७ एप्रिल १९३४ रोजीं झालें आणि पुढील दहा वर्षांत अशीं सुमारें २,४०० विमानें बांधलीं गेलीं. एकावर एक असे दोन पंख, मध्यें खांब व तारा, धातूच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलें कापड, अशी त्याची रचना. वेग ताशीं १४० मैलांच्याही आंत. इतर लढाऊ विमानें एकपंखी, पत्र्याचीं व याच्या दुपटीहून वेगवान झालीं होतीं, त्या काळांत हें विमान पोटाखालीं सुमारें १,६०० पौंडांचा टॉर्पेडो बांधून विमानवाहू नौकेवरून उडत असे. नौदलांतले लोक त्याला थट्टेनें 'स्ट्रिंगबॅग', म्हणजे बाजारहाटाची जाळीची पिशवी, म्हणत. कारण जें द्यावें तें तें घेऊन जाई. युद्धकाळांतील बहुतेक विमानांवर कांचेचें झांकण असे. प्रतिकृतींत हेंच झांकण जाड प्लास्टिकचें होतें आणि कारागिराच्या पुष्कळ चुका पोटांत घालतें. सॉर्डफिशमध्यें ती सोय नाहीं. कॅनडांतील शिक्षणासाठीं झांकण बसविलेलीं थोडीं विमानें सोडलीं, तर तीन माणसें उघड्या वाऱ्यांत बसत.

कॉकपिट नीट करावयाचें तर प्रथम या तिघांचीं कामें समजून घ्यावीं लागतात. पुष्कळ जण येथेंच घाई करतात. दिसेल तेथें तबकडी चिकटवितात, आणि मग तें कॉकपिट घड्याळजीच्या दुकानासारखें दिसूं लागतें.

पुढें, वरच्या पंखाच्या मागल्या कडेशीं, वैमानिकाचा स्वतंत्र कक्ष. त्याच्या समोर काळ्या फळीवर वेग, उंची, दिशा व विमानाचा कल दाखविणाऱ्या तबकड्या, डाव्या हाताशीं इंजिनाची गति कमी-अधिक करण्याची मूठ, दोन पायांच्या मध्यें सुकाणूचा दांडा. त्याच्या समोर, कक्षाच्या बाहेर, टॉर्पेडो सोडण्याचा नेम धरण्यासाठीं दोन्ही बाजूंस आडव्या पट्ट्या असत व त्यांवर ओळीनें बारीक दिवे बसविलेले असत. टॉर्पेडो पाण्यांतून जहाजापर्यंत पोहोंचावयास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळांत जहाज पुढें सरकतें. म्हणून जहाजावर नेम धरून चालत नाहीं. जहाज जेथें असणार तेथें धरावा लागतो. शत्रूच्या जहाजाचा वेग अदमासें ठरवून त्या हिशेबाचा दिवा वैमानिक जहाजाशीं जुळवून घेई. प्रतिकृतींत ही पट्टी केसाएवढी होते. परंतु ती गाळली तर टॉर्पेडो बांधलेल्या विमानाचा डोळाच गाळला असें होईल.

वैमानिकाच्या मागें एक लांबट उघडी जागा असे व तींत दोघे जण. पहिला निरीक्षक. खालीं समुद्र, वर आकाश, खूण म्हणून कोठेंच कांहीं नाहीं, आणि ज्या नौकेवरून उडालों ती मधल्या दोन-तीन तासांत भलतीकडेच गेलेली. अशा स्थितींत परतीची वाट काढणें हें त्याचें काम. त्याच्याजवळ नकाशाची फळी, होकायंत्र, पेन्सिल. म्हणजे त्याचा कक्ष यंत्रांपेक्षां कागदांचा अधिक. शेवटला माणूस बिनतारी यंत्र चालवी आणि प्रसंग पडल्यास मागली मशीनगनही तोच चालवी. काम नसे तेव्हां ती बंदूक पाठीमागच्या खांचेंत आडवी ठेवली जाई. या दोघांस उठून उभें राहावें लागे, म्हणून त्यांच्या अंगावरील पट्ट्यास एक दोरी बांधून तिचें टोंक विमानास अडकविलेलें असे. वैमानिकाशीं बोलण्यास एक साधी नळी होती. एकानें एका टोंकांत ओरडावयाचें, दुसऱ्यानें दुसरें टोंक कानाशीं घेऊन ऐकावयाचें. ही नळी व ती दोरी प्रतिकृतींत करणें अगदीं सोपें आहे. तांब्याच्या तारेचा एक बारीक धागा पुरतो. तरीही पुष्कळ प्रतिकृतींत त्या नसतात.

आतां प्रश्न असा कीं, माणसें किती बसवावयाचीं? प्रतिकृतीच्या संचांत पुष्कळदां तीन पुतळे मिळतात आणि तीन कक्षांत ते तीन बसविले कीं काम झालें असें वाटतें. परंतु सॉर्डफिशची जी कामगिरी सर्वांत गाजली, तेथें हें चूक ठरतें. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं 'इलस्ट्रिअस' या विमानवाहू नौकेवरून २१ सॉर्डफिश विमानें निघालीं आणि इटलीच्या टॅरँटो बंदरांतील आरमारावर त्यांनीं हल्ला केला. तेथपर्यंत जाऊन परत येण्यास नेहमीचें पेट्रोल पुरणारें नव्हतें. टॉर्पेडोनें पोटाखालची जागा अडविलेली; म्हणून टॉर्पेडो नेणाऱ्या विमानांत जादा टाकी चक्क निरीक्षकाच्या जागीं बसविली गेली. निरीक्षक मागें सरकून तिसऱ्याच्या जागीं बसला, आणि तिसऱ्या माणसास नौकेवरच ठेवण्यांत आलें. म्हणून टॅरँटोच्या रात्रींचें विमान करावयाचें तर पुतळे दोनच, आणि मधल्या जागेंत पेट्रोलची टाकी, तीही निरीक्षकाच्या तोंडासमोर. जळत्या गोळ्यांच्या माऱ्यांतून जातांना त्या माणसाला काय वाटलें असेल, तें ही टाकी पाहतांच कळतें. त्या हल्ल्यांत दोन विमानें पडलीं. एकांतले दोघे मेले, दुसऱ्यांतले दोघे कैद झाले.

याच्या उलट १२ फेब्रुवारी १९४२ चा प्रसंग. इंग्लिश खाडींतून निसटून जाणाऱ्या जर्मन युद्धनौकांवर यूजीन एझमंड याच्या नेतृत्वाखालीं सहा सॉर्डफिश विमानें भर दिवसा चालून गेलीं. या वेळीं प्रत्येक विमानांत तिघे होते. सहाही विमानें पडलीं आणि अठरांपैकीं पांच वांचले. त्याच वर्षीं ५ एप्रिल रोजीं सिलोनच्या किनाऱ्यालगत सहा सॉर्डफिश जपानी विमानांनीं पाडलीं. तेव्हां कारागिरानें रंगाची डबी उघडण्यापूर्वीं विमानाचा दिवस ठरवावा. दिवस ठरला कीं कक्षांत काय असावें, याचा निम्मा निकाल तेथेंच लागतो.

उरलेला निम्मा मापाचा. सॉर्डफिशच्या पंखांची रुंदी साडेपंचेचाळीस फूट. १/७२ च्या प्रतिकृतींत ती साडेसात इंचांहून किंचित् अधिक भरते. खऱ्या तबकडीचा व्यास तीन इंचांहून थोडा अधिक; प्रतिकृतींत ती मोहरीच्या लहान दाण्याएवढी, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर होते. दोन इंच रुंदीचा पट्टा पाऊण मिलिमीटरहूनही अरुंद. यांत सर्वांत फसवी वस्तु म्हणजे भिंत. संचांतील प्लास्टिकची भिंत एक मिलिमीटर जाड धरली, तर खऱ्या विमानांत ती जवळजवळ तीन इंच जाडीची झाली. कापडाच्या विमानाला किल्ल्याच्या तटाची भिंत! म्हणून कक्षाची कड आंतून खरडून धारेसारखी पातळ करणें हें पहिलें काम. तबकड्यांचा विचार त्यानंतर. हें एक केलें, तरी प्रतिकृतीचें रूप पालटतें. भिंतींच्या आंतल्या बाजूस खऱ्या विमानांत सांगाड्याच्या नळ्या दिसत. त्या दाखविण्यासाठीं संचांतील उरलेली प्लास्टिकची कांडी दिव्यावर धरून, नरम होतांच ताणावी. सुताएवढा सरळ धागा मिळतो. पट्ट्यांना डबाबंद वस्तूंवरील पातळ वर्ख चालतो. दुकानांत कोरीव पितळी पत्र्याचे भाग मिळतात व ते सुंदर असतात. पण पितळ सपाट असतें, आणि मूठ गोल असते, हें विसरूं नये.

तबकडीवरील आंकडे लिहिण्याच्या नादीं लागूं नये. एक इंचाच्या माणसाचें घड्याळ आपल्या डोळ्यांस वाचतां येत नाहीं, तें वाचतां येऊं लागलें तर मापच चुकलें. काळ्या ठिपक्यावर पांढऱ्या रंगाचा एक सूक्ष्म ओरखडा पुरे. वर पारदर्शक रंगाचा थेंब ठेवला कीं कांच दिसते. १/४८ च्या प्रतिकृतींत हाच माणूस दीड इंचाचा होतो व थोडें अधिक दाखवितां येतें. जपानच्या तामिया कंपनीनें १९९९ सालीं या प्रमाणाचा सॉर्डफिश काढला. इंग्लंडच्या एअरफिक्सनें १/७२ चा १९५८ सालींच काढला होता, आणि नवा सांचा २०१२ सालीं केला. दोन्हींकडे कात्री व कानस चालवावीच लागते.

पुरावा कोठून आणावा, ही अडचण समुद्रापासून दूर राहणाऱ्यास विशेष वाटते. सॉर्डफिश आपल्याकडे पाहण्यास नाहीं. परंतु मिरजेहून वास्कोस रेल्वे जाते, आणि तेथें बोगमाळो येथें भारतीय नौदलाचें विमान-संग्रहालय १९९८ सालापासून आहे. तेथील 'फायरफ्लाय' विमान त्याच फेअरी कंपनीचें आहे. त्यांतही वैमानिक पुढें व दुसरा माणूस दूर मागें, हीच मांडणी दिसते. त्याच्या बाजूस उभें राहून कक्षाची कड आपल्या डोक्याच्या किती वर येते, पाय ठेवण्याच्या खांचा कोठें आहेत, हें पाहिलें तरी फोटोंनीं न शिकविलेलें पुष्कळ समजतें. फोटोंच्या बाबतींत एक सावधगिरी हवी. इंग्लंडांत यॉव्हिल्टन येथील १९४१ सालचें एक सॉर्डफिश दुरुस्त होऊन २०१५ सालीं पुन्हां उडूं लागलें, आणि त्याचे स्वच्छ, रंगीत फोटो सहज मिळतात. पण आजच्या आकाशांत उडणाऱ्या विमानाला आजचा रेडिओ लागतो. तो पाहून १९४० च्या विमानांत बसविला, कीं टाकी व नळी यांवर घेतलेली मेहनत वाया गेली. युद्धकाळचे फोटो अंधुक असले तरी खरे साक्षीदार तेच.

रंग शेवटीं. ब्रिटिश विमानांच्या आंतल्या भागास राखी-हिरवा रंग पुष्कळदां दिला जाई. परंतु उघड्या कक्षांत खारें पाणी, ऊन व बूट यांनीं तो फार दिवस कोरा राहत नसे. चढतांना जेथें पाय पडे व जेथें हात टेंके, त्या कडांवर धातूची चमक उघडी पडे. तेवढ्याच जागीं, कोरड्या ब्रशावर चांदीचा रंग अगदीं थोडा घेऊन, तो हलकेच फिरवावा. दोन बाजू चिकटविण्यापूर्वीं त्या नुसत्या दोऱ्यानें बांधून सारें एकदां वरून पाहावें, पुतळे आंत-बाहेर करून पाहावे, टाकी बसते कीं नाहीं तें पाहावें. चिकट सुकल्यावर त्या पोटांत पुन्हां चिमटा जात नाहीं.