विहीर आधी मोजा
(पायाखालचं पाणी : लेखांक ६)

जांभ्यातून पावसाचं पाणी कसं मुरतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्याच जांभ्याखाली खाण येऊ घातली की काय होतं, हे समजून घ्यायचं तर डिचोली तालुक्यातल्या शिरगावात जायला हवं. लईराईच्या जत्रेमुळे हे गाव गोवाभर ठाऊक आहे. खाणवाल्यांना मात्र ते लोहखनिजामुळे ठाऊक.

इथे वर जांभा, मध्ये चिकणमातीचे थर आणि खाली भुकटीसारखं लोहखनिज. या भुकटीत पाणी भरपूर साठतं, म्हणजे खनिज आणि पाणी यांचा पत्ता एकच. खंदक भूजलपातळीखाली उतरला की पंप लावावेच लागतात. गोव्यातले काही खंदक तर समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. उपसा सुरू झाला की भोवतालचं भूजल खंदकाकडे ओढलं जातं. शिरगावच्या विहिरी आणि झरी आटल्या, शेतांत खाणीचा गाळ भरला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने अभ्यास केला.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. मधे ते काही काळ सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा थांबलं. दरम्यान खंदकांत पावसाचं पाणी साठत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला तेव्हा चार पट्ट्यांपैकी दोहोंच्या नावातच शिरगाव होतं. पाण्याने भरलेल्या जुन्या खंदकात पुन्हा काम करायचं, तर खनिजाच्या आधी उपसावं लागतं ते पाणीच.

आता खाणीच्या मंजुरीसाठी लागणाऱ्या पर्यावरण अहवालाकडे वळू. पट्ट्याभोवतीच्या दहा किलोमीटरांतल्या पाण्याचे नमुने त्यात असतात, पण ते साधारणपणे एकाच हंगामातले, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. खरी ग्यानबाची मेख इथे आहे. या मातीत पाणी बिघडतं ते मुख्यतः गाळाने, आणि डंपवरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची, लाल माती ओहोळात उतरते ती जून-जुलैत. नेमके तेच महिने गाळलेले! विहिरीची परीक्षा मे महिन्यात होते. नमुना डिसेंबरात भरला असेल तर त्या परीक्षेबद्दल तक्ता गप्पच राहणार. आम्लता, क्षार, लोह सगळं मर्यादेत असेल, मँगनीजही लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत असेल. ते आकडे खोटे नसतात. पण विहिरीत मे अखेर किती हात पाणी राहतं, हे बाटलीभर पाण्यावरून कळणार कसं?

म्हणून प्रस्ताव कागदावर असतानाच गावाने स्वतः मोजणी सुरू करावी, असं माझं मत आहे. महागडं यंत्र लागत नाही. कठड्यावर एक खूण, वजन बांधलेली दोरी, महिन्यातला ठरलेला दिवस, सकाळी पहिला पोहरा पडण्याआधीची वेळ. किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या नोंदींत यायला हवा. वही पंचायतीच्या दप्तरी राहू द्या आणि तिची प्रत मंजुरीआधीच्या जनसुनावणीत द्या. सुनावणीत दोन प्रश्न लेखी विचारा : रोज किती पाणी उपसणार, आणि ते गाळ बसू देऊन सोडणार की तसंच? उत्तर इतिवृत्तात आलं की नाही, तेही पाहा. पुढे विहीर आटली तर ‘ती पूर्वीपासूनच आटायची’ हा युक्तिवाद हमखास येतो, आणि तेव्हा मागचा उन्हाळा मोजता येत नाही.

पुढच्या लेखांकात वणी-चंद्रपूर. तिथे खनिज कोळसा आहे, आणि पाण्याचं दुखणंही निराळं.