कोळंबीवर आळ

'रेड लॉब्स्टर' या अमेरिकी रेस्टॉरंट साखळीने 19 मे 2024 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बातमीदारांना आयता मथळा मिळाला : गिऱ्हाइकांनी कोळंबी खाऊन खाऊन कंपनी बुडवली. वीस डॉलर मोजा आणि हवी तितकी कोळंबी खा, ही पूर्वी अधूनमधून येणारी योजना 2023 मध्ये कायमची झाली होती. तिच्यापायी 1 कोटी 10 लाख डॉलरचा फटका बसल्याचं कंपनीनेच सांगितलं. तेव्हा मथळा अगदीच खोटा नव्हता. पण 2023 या आर्थिक वर्षातला कंपनीचा एकूण तोटा 7 कोटी 60 लाख डॉलर होता. उरलेल्या साडेसहा कोटींचं काय, हे विचारायला फारसं कोणी थांबलं नाही.

रेड लॉब्स्टरची जात अमेरिकेत 'कॅज्युअल डायनिंग' म्हणून ओळखली जाते. टेबलापाशी वेटर येतो, पण त्यासाठी कडक इस्त्रीचे कपडे लागत नाहीत. पोरांना रंगीत खडू आणि कागद मिळतो, बापाला बिअर मिळते, आजीला चावेल असं काहीतरी मिळतं आणि बिल बघून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. बिल डार्डन यांनी 1968 मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला पहिलं रेड लॉब्स्टर काढलं. त्याच्या आगेमागे टीजीआय फ्रायडेज (1965), चिलीज (1975), अ‍ॅपलबीज (1980), ऑलिव्ह गार्डन (1982) अशी रांगच लागली. पुढे अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांनाही ही नावं परकी राहिली नाहीत. शाकाहारी घरांना ऑलिव्ह गार्डन विशेष सोयीचं, कारण तिथे सॅलड, मिनेस्ट्रोनी सूप आणि ब्रेडस्टिक लागेल तेवढे मिळतात.

या साखळ्यांची सगळी मिजास मधल्या जागेवर होती. बर्गरच्या टपरीपेक्षा वर, पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलापेक्षा खाली. ती जागाच आक्रसत गेली. डेन्व्हरमध्ये 1993 साली सुरू झालेल्या चिपोटलेसारख्या दुकानांनी दाखवून दिलं की ताजं, डोळ्यांसमोर बनवलेलं जेवण काउंटरवरही देता येतं. वेटर नाही, टिप नाही, वाट पाहणं नाही. टिपेचं प्रकरण आपल्याकडच्यासारखं सुट्ट्या पैशांवर भागत नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराचा तिथला केंद्रीय किमान पगार 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवरच आहे (अनेक राज्यांत तो जास्त आहे), त्यामुळे वेटरचा खरा पगार गिऱ्हाईकच देतं. मेन्यूवर 18 डॉलर लिहिलेला पदार्थ सात टक्के कर आणि वीस टक्के टिप धरून जवळजवळ 23 डॉलरला पडतो. चौघांच्या कुटुंबाने मग मनात हिशेब करायचा : एवढ्यात काउंटरवरचं जेवण दोनदा होईल, किंवा थोडे आणखी घालून खरोखर चांगल्या ठिकाणी जाता येईल. मधल्याकडे जायचं कशाला?

त्यात करोनाने घरपोच मागवण्याची सवय लावली. मागवलेल्या जेवणात या रेस्टॉरंटांचं भांडवलच गळून पडतं. चिलीजचे फहीता तव्यावर चरचरत, धूर सोडत टेबलाकडे येतात आणि आजूबाजूची चार डोकी वळून बघतात. तेच फहीता डब्यात घालून घरी आले की उरतात नुसत्या वाफाळून मऊ पडलेल्या मिरच्या आणि कोंबडी.

गिऱ्हाईक कमी झालं की मालक खर्चाकडे वळतो, आणि तिथे रेड लॉब्स्टरचे हात आधीच बांधलेले होते. 2014 मध्ये डार्डन कंपनीने (ऑलिव्ह गार्डनही तिचंच) ही साखळी गोल्डन गेट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला 2.1 अब्ज डॉलरला विकली. व्यवहारातली मेख अशी की सुमारे पाचशे रेस्टॉरंटांखालची जमीन त्याच वेळी तिसऱ्याच कंपनीला दीड अब्जाला विकली गेली. म्हणजे खरेदीची बरीचशी रक्कम खरेदी केलेल्या मालातूनच उभी राहिली, आणि काल स्वतःच्या जागेत बसलेली रेस्टॉरंटं दुसऱ्या दिवशी भाडेकरू झाली. 2023 मध्ये भाड्यापोटी 19 कोटी डॉलरहून अधिक देणं होतं. त्यातले 6 कोटी 40 लाख तर न चालणाऱ्या जागांचे. दिवाळखोरीच्या कागदपत्रांनुसार 2019 च्या मानाने गिऱ्हाईक तीस टक्क्यांनी घटलं होतं. खुर्च्या रिकाम्या पडल्या म्हणून जागामालक भाडं सोडत नाही. जमीन विकणं हेच एकमेव पाप होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. डार्डनने 2015 मध्ये चारशेहून अधिक जागा, त्यातही बहुतेक ऑलिव्ह गार्डनच्या, अशाच वेगळ्या काढल्या आणि ऑलिव्ह गार्डन उभं आहे. भरल्या टेबलांना भाडं पेलतं, एवढाच त्याचा अर्थ.

टेबलं भरायची म्हणून कोळंबी आली. अमर्याद थाळी चालवणारा आपल्याकडचा कोणीही मालक रेड लॉब्स्टरच्या साहेबांना शिकवू शकला असता : पोळी, भात, आमटी हवी तेवढी वाढा, पण श्रीखंडाच्या वाटीवर डोळा ठेवा. ऑलिव्ह गार्डन ब्रेडस्टिक अमर्याद देतं, म्हणजे मैदा देतं. रेड लॉब्स्टरने श्रीखंड मोकळं सोडलं. बरं, ठेच पहिली नव्हती. 2003 मध्ये याच साखळीने खेकडे अमर्याद केले होते आणि तोटा झाल्यावर डार्डनच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं की दुसऱ्या वाढपाने नाही, तिसऱ्याने मारलं. वीस वर्षांनी या धड्याची आठवण कोणाला असणार? तोवर मालक दोनदा बदलले होते. नवा मालक थाय युनियन हा कोळंबीचा मोठा पुरवठादार. तेव्हाच्या व्यवस्थापनाने इतर पुरवठादार बाजूला सारून जास्त दराने थाय युनियनचाच माल घेतला, असा आरोप नंतरच्या व्यवस्थापनाने दिवाळखोरीच्या अर्जात केला आहे.

पैशाचं नुकसान एकवेळ भरून निघतं. माझ्या मते अशा योजनांचं खरं नुकसान निराळंच असतं. स्वस्ताईसाठी आलेलं गिऱ्हाईक स्वस्ताईचं असतं, रेस्टॉरंटचं नसतं. ते तीन तास टेबल अडवतं, वेटरला टिपही बेताचीच मिळते, आणि वाढदिवसाला म्हणून नेमाने येणारं कुटुंब दारातली गर्दी बघून परत जातं. ते एकदा गेलं की त्याला बोलवायला आणखी मोठी सवलत लागते.

अ‍ॅपलबीजची गत याहून मजेशीर. तरुण गिऱ्हाईक निसटतंय म्हणून या साखळीने 2016 मध्ये फ्रँचायझीवाल्यांना लाकडावर भाजायच्या शेगड्या घ्यायला लावल्या, मेन्यूत झणझणीत सॉस घातले. तरुण आले नाहीत आणि जुनी मंडळीही बिचकली. 2017 मध्ये शंभरहून अधिक रेस्टॉरंटं बंद करण्याची घोषणा करताना वरिष्ठांनी कबूल केलं की आपण आपलं मूळ गिऱ्हाईक सोडून भलत्याच्याच मागे लागलो होतो. त्याच वर्षी त्यांनी एक डॉलरला मार्गारिटा विकायला काढली. म्हणजे पुन्हा सवलत!

उलट टोकाची चूक ऑलिव्ह गार्डनने केली होती. तिथे जेवणातून हळूहळू काढून घेतलं गेलं. 2014 मध्ये स्टारबोर्ड व्हॅल्यू या गुंतवणूकदाराने जवळजवळ तीनशे पानांचं टीकापत्र काढलं, त्यातला एक मुद्दा अमेरिकेत चेष्टेचा विषय झाला : भांड्यांची वॉरंटी जास्त काळ टिकावी म्हणून पास्ता उकळायच्या पाण्यात मीठ घालणंच बंद केलं होतं. इटालियन म्हणवणाऱ्या हॉटेलात अळणी पास्ता! मिठाने काय वाचणार, पण कोणीतरी कुठल्यातरी तक्त्यात वाचवलं. गिऱ्हाईक असल्या गोष्टीची तक्रार करत नाही. त्याला नेमकं काय बिघडलं ते सांगताही येत नाही, फक्त पुढच्या शनिवारी ते दुसरीकडे जातं. त्या वर्षी डार्डनचं अख्खं संचालक मंडळ बदललं आणि स्वयंपाकघर पुन्हा ताळ्यावर आलं.

मग कोणाचं चाललंय? चिलीजचं. 2022 मध्ये प्रमुख म्हणून आलेले केव्हिन हॉकमन यांनी वाढपाचे यंत्रमानव थांबवले, मेन्यू जवळपास चतुर्थांशाने छाटला, टेबलं आवरायला माणसं वाढवली. पेय, एक सुरुवातीचा पदार्थ आणि बर्गर असं जेवण 10.99 डॉलरला ठेवलं आणि जाहिरातीत सरळ म्हटलं की ड्राइव्ह-थ्रूच्या बर्गरला एवढेच पैसे पडतात. हीही स्वस्ताईच, पण हिशेबात बसणारी. 2024 च्या अखेरच्या तिमाहीत चालू रेस्टॉरंटांची विक्री 31 टक्क्यांनी वाढली. टेक्सास रोडहाउसची तऱ्हा आणखी वेगळी. तिथला व्यवस्थापक स्वतःचे 25 हजार डॉलर गुंतवतो आणि आपल्या रेस्टॉरंटच्या नफ्यातले दहा टक्के घेतो. पाव थंड आला तर त्याच्या खिशाला लागतं. ही साखळी आज देशातल्या सर्वांत मोठ्या कॅज्युअल साखळ्यांपैकी एक आहे.

रेड लॉब्स्टर सप्टेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आलं. शंभराहून अधिक जागा बंद झाल्या, पाचशेहून अधिक उरल्या. नवे प्रमुख, पस्तिशीतले डॅमोला अ‍ॅडमोलेकुन यांनी पहिल्याच काही आठवड्यांत सांगून टाकलं की आपल्याला गणित येतं, त्यामुळे अमर्याद कोळंबी आता नाही. मेन्यू आटोपशीर केला, चेडर चीजची गरम बिस्किटं ठेवली. जमीन मात्र 2014 मध्ये विकली ती विकलीच. उरलेल्या रेस्टॉरंटांचं भाडं दर महिन्याला जातंच आहे.