जुळ्या एंजिनांचें लहान विमान

विमानांच्या प्रतिकृति उडविण्याचा छंद ज्या घरांत शिरला आहे, तेथील मुलांच्या मनांत एक ना एक दिवस दोन एंजिनांच्या विमानाची इच्छा उत्पन्न होतेच. एक एंजिन थांबलें तरी दुसरें आहेच, तेव्हां असें विमान दुप्पट सुरक्षित, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु वस्तुस्थिति बरीचशी याच्या उलट आहे.

गाडीच्या दोन बैलांपैकीं एकानें अंग चोरलें, तर गाडी त्याच्याच बाजूस वळते. विमानाचेंही तसेंच होतें. चालू एंजिन मध्यरेषेपासून जितकें दूर व जितकें जोरकस, तितकी ही ओढ मोठी. तिला आवरणारें साधन म्हणजे शेपटीवरील सुकाणूं. पण त्याचें बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. वेग निम्मा झाला कीं तें चतुर्थांशच उरतें. म्हणून जमीन सोडतांच, वेग बेताचा असतांना एंजिन थांबणें सर्वांत घातक होय.

निवडीचा नियम यांतूनच निघतो. जें विमान १० घन सेंटिमीटरच्या एका एंजिनावर चांगलें उडेल, त्यास सुमारें ६.५ घन सेंटिमीटरचीं दोन एंजिनें पुरेशीं होतात. हौसेखातर १० चींच दोन बसविलीं, तर वजन वाढतें आणि एक थांबल्यावर दुसऱ्याची ओढ अनावर होते.

अशा ६.५ च्या एंजिनास १० इंच व्यासाचा व हिशेबानें एका फेऱ्यांत ६ इंच पुढें सरणारा पंखा सामान्यतः मानवतो. मिनिटास ११,००० फेरे झाल्यास हा हिशेबी वेग ताशीं सुमारें १०० किलोमीटर येतो. त्याच घडणीच्या पंख्याचा व्यास ११ इंच केला, तर तितकेच फेरे राखण्यास सुमारें १.६ पट शक्ति लागते. तेव्हां एक इंच क्षुल्लक मानूं नये. पंख्याचीं टोकें विमानाच्या अंगापासून व जमिनीपासून मोकळीं राहतील, हेंही पाहावें.

दुसऱ्या महायुद्धांतील ‘मॉस्किटो’ विमानाचे दोन्ही पंखे एकाच दिशेनें फिरत; त्यामुळें धांवपट्टीवर तें एका बाजूस ओढलें जाई. अमेरिकेच्या ‘लाइटनिंग’ विमानांपैकीं बहुतेकांचे पंखे परस्परविरुद्ध फिरत, म्हणून तो दोष टळला. प्रतिकृतींतही ही युक्ति उपयोगी पडते. मात्र एक एंजिन थांबल्यावर तिचा आधार उरत नाहीं.

दोन्ही एंजिनांचे फेरे जुळले नाहींत तर आवाजांत लहरी उमटतात; तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवितांना ऐकूं येतात तशाच. त्या नाहींशा होईपर्यंत जुळवणी करावी, व हवेंत एंजिन थांबूं नये म्हणून इंधनाचें प्रमाण किंचित् अधिक ठेवावें. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं विजेच्या मोटारी वापरतात. त्या सहसा थांबत नाहींत, परंतु ओढीचा नियम त्यांसही तोच.

इतकें करूनही एक एंजिन थांबलेंच, तर दुसऱ्याचा जोर तत्काळ उतरवावा, विमानाचें नाक खालीं करून वेग राखावा आणि समोरच सरळ उतरावें. वळून परत आणण्याच्या मोहापायीं महिनोन्‌महिन्यांचें काम क्षणांत मातीस मिळतें, आणि भोंवतीं उभ्या असलेल्या माणसांच्या जिवासही अपाय होण्याचा संभव असतो. हा पाठ मुलांनीं पहिल्या उड्डाणापूर्वींच गिरवावा, हें बरें.