इसार देण्यापूर्वी

मुंबईत नोकरीची तीस-पस्तीस वर्षे काढायची आणि फंडाचे पैसे हाती आले की महाड-पोलादपूरकडे हक्काची जागा घ्यायची, हा आपल्याकडील कुटुंबांचा जुना बेत. यात खरी अडचण पैशांची, असे सर्वांना वाटते. कागदपत्रांच्या निमित्ताने अनेक घरांत बसल्यावर आमचे मत वेगळे झाले आहे. पैसा पोटाला चिमटा घेऊन जमतो. तो बुडतो, कारण कागद आणि पाणी पाहायचे राहून जाते.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त कामगाराने महाडजवळच्या जागेसाठी फंडातला मोठा हिस्सा इसार म्हणून दिला. पावती साध्या कागदावर. पुढे सातबारा काढला, तर जमीन 'भोगवटादार वर्ग 2' आणि विकणाऱ्याबरोबर एक भाऊ व दोन बहिणी यांचीही नावे. आम्ही त्यांच्यासोबत खेटे घातले. वर्षभराने निम्मी रक्कम परत आली. त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "मला एका शब्दानं विचारलं असतं, तर मी आधी कागद तुमच्याकडं पाठवला असता."

म्हणून इसारापूर्वी ताजा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढावेत. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा किंवा कुळाचे नाव आहे का, ते पाहावे. वडिलोपार्जित जमीन असेल तर मुलींचाही वाटा असतो. सर्वांच्या सह्या हव्यात. दुय्यम निबंधक कार्यालयातील 30 वर्षांच्या नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्यात. शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा तुमच्या नावे कुठे सातबारा आहे का, हेही आधी पाहावे.

वतनी जमिनीबाबत आपण विशेष सावध असावे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. या कायद्याने परत मिळालेल्या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. "सगळे असेच घेतात" या शब्दावर विसंबू नये. आणि ज्यांच्या घरी अशी जमीन आहे, त्यांनी अडीनडीला कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

कागद स्वच्छ असला तरी जागा सुरक्षित असतेच असे नाही. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडींनी घरे गाडली. 22 जुलै 2021 रोजी सावित्री-गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले, त्याच दिवशी तळियेत डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीलाही दरडीने गाठले. दलाल जागा दाखवतो ती माघ-फाल्गुनात, कोरडी ठणठणीत. तुम्ही ती आषाढात पाहा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, पाणी कुठवर चढले होते? ती भिंतीवर हात ठेवून दाखवील.

तयार घर घेणाऱ्यांनी 24 ऑगस्ट 2020 विसरू नये. महाडमधील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा बळी गेला. नव्या रंगावर भुलण्यापेक्षा बांधकाम परवानगी व भोगवटा दाखला मागावा. मोठ्या नव्या प्रकल्पांना 2017 पासून महारेराची नोंदणी सक्तीची आहे, तीही तपासावी.

शेवटी एक. व्यवहाराच्या बैठकीत घरातील स्त्रीला चहापुरते बोलावू नका. तिला शेजारी बसवा आणि खरेदीखतावर तिचेही नाव घाला. काटकसर तिनेही केलेली असते.