ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी

रोटरी किंवा लायन्ससारख्या सेवा क्लबची बैठक ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी भरते. अध्यक्ष टेबलावरची घंटा वाजवतात. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना होते, पाहुण्यांची ओळख करून दिली जाते, त्या आठवड्यात ज्यांचा वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल त्यांना शुभेच्छा मिळतात. सचिव सूचना वाचून दाखवतात, निमंत्रित वक्ता वीस-पंचवीस मिनिटे बोलतो, दोन-चार प्रश्न होतात, कोणीतरी आभार मानते आणि पुन्हा घंटा वाजते. मग चहा किंवा जेवण. क्लबच्या बोलीत ‘फेलोशिप’. बाहेरून पाहणाऱ्याला यात औपचारिकपणाच जास्त दिसतो. गावाला क्लब दिसतो तो रक्तदान शिबिरात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या फलकावर, उन्हाळ्यातल्या पाणपोईवर. पण ही कामे ज्यांच्या हातून होतात ती माणसे या तासाभरात एकत्र येतात, आणि ज्या क्लबची बैठक मोडते त्याचे काम फार दिवस टिकत नाही.

इतिहासातही बैठक आधी आली आणि सेवा नंतर. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोतल्या युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चार माणसे जमली. पॉल हॅरिस वकील होते, सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी, हायरम शोरी शिंपीकामाच्या धंद्यातले आणि गुस्तावस लोहर खाण अभियंता. खोली लोहर यांच्याच कचेरीची. हॅरिस यांचे बालपण व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या खेड्यात गेले होते. शिकागोत धंदा जमला, पण खेड्यातली ओळखदेख तिथे नव्हती. महानगरात गावासारखी माणसे मिळावीत एवढीच त्यांची पहिली गरज होती. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. लवकरच आलेले छपाईचे व्यावसायिक हॅरी रगल्स यांनी बैठकीत समूहगान सुरू केले. लोकांसाठी पहिले काम हाती घ्यायला दोन वर्षे लागली, आणि ते होते शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचे. त्याच शहरात १९१७ मध्ये विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांनी लायन्सची उभारणी केली. अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी १९२५ च्या अधिवेशनात लायन्सना अंधांचे कैवारी होण्याचे आवाहन केले, तेव्हापासून डोळ्यांचे काम लायन्सची ओळख बनले.

हिंदुस्थानात रोटरी आली १९१९ मध्ये, कलकत्त्यात. मुंबईचा क्लब १९२९ चा. त्याची मंगळवारची दुपारची बैठक आणि ताजमहाल हॉटेल हे नाते मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. लायन्सचा देशातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईतच निघाला. १९७२ मध्ये नाना चुडासामा यांनी मुंबईत ‘जायंट्स’ ही याच धर्तीची, पण भारतात जन्मलेली चळवळ सुरू केली आणि तिचे ग्रुप महाराष्ट्रातल्या तालुक्यांपर्यंत पोहोचले. मोठ्या शहरातल्या साहेबी हॉटेलातून ही बैठक जिल्ह्याच्या गावी आली तेव्हा तिची जागा बदलली, भाषा बदलली, जेवणाचे ताट बदलले. घंटा आणि क्रम मात्र तोच राहिला.

सदस्य निवडण्याची रोटरीची मूळ रीत बैठकीचे स्वरूप ठरवून गेली. एका व्यवसायातला एकच माणूस घ्यायचा, असा सुरुवातीचा नियम होता. त्यामुळे धंद्यातली चढाओढ खोलीत येत नसे आणि प्रत्येकजण आपल्या क्षेत्राच्या वतीने बसलेला असे. पुढे हा नियम सैल झाला. लहान क्लबात एका व्यवसायाचे पाचजण चालू लागले. तरी वेगवेगळ्या उद्योगांतली माणसे एका टेबलाभोवती बसवायची, हा हेतू टिकून आहे.

बालाघाटसारख्या गावात या हेतूचा अर्थ वेगळा होतो. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून १८६७ मध्ये हा जिल्हा घडवला गेला. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून तो नव्या मध्य प्रदेशात आहे. वैनगंगेच्या काठच्या या गावाला गोंदिया भोपाळपेक्षा कितीतरी जवळचे. वारासिवनी, कटंगी, लांजी या पट्ट्यात हिंदी, मराठी आणि पोवारी एकमेकींत मिसळून बोलल्या जातात, आणि दवाखान्यापासून लग्नाच्या खरेदीपर्यंत अनेक घरांची वाट नागपूरकडे जाते. शहराला लागून भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. ती चालवणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्यालय नागपुरात. पलीकडे मलाजखंडला तांब्याची मोठी खाण. बाकी जिल्हा धानाचा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अशा गावात क्लबसाठी व्यवसायांची यादी करायला बसले तर ती या मातीतूनच निघते: राइस मिलचे मालक, धानाचे अडते, खाणीतले अभियंते, डॉक्टर, औषधविक्रेते, वकील, वनखात्यातले अधिकारी, कॉलेजातले प्राध्यापक, ठेकेदार, सराफ. शिकागोच्या हॅरिस यांना ओळखी हव्या होत्या. इथे ओळखी आधीपासून असतात. मिलमालकाचा खटला वकिलाकडे असतो, वकिलाच्या आईचे औषध डॉक्टर देतात, डॉक्टरांचे घर ठेकेदाराने बांधलेले असते. पण या सगळ्या ओळखी टेबलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांच्या: गिऱ्हाईक आणि दुकानदार, पक्षकार आणि वकील, रुग्ण आणि डॉक्टर. बैठकीत ती माणसे एका ओळीत बसतात. कोणाचे कोणाकडे काम अडलेले नाही असा तो एक तास असतो, आणि लहान गावात असा तास दुर्मिळच. तिथे एकाने ‘सरकारी दवाखान्यात रक्त कमी पडते आहे’ म्हटले तर दुसऱ्याला ते गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे म्हणून ऐकता येत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते.

संबोधनांतही हा प्रयत्न दिसतो. मूळ रीत एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची. आपल्याकडे वयाचा आणि हुद्द्याचा मान सोडणे जड जाते, म्हणून हिंदी मुलखात नावापुढे ‘जी’ लागते आणि मराठी गावांत ‘राव’, ‘साहेब’, ‘सर’ टिकून राहतात. निमंत्रणपत्रिकेवर मात्र सगळे सारखे: रोटरीत प्रत्येक नावाआधी ‘रो.’, लायन्समध्ये ‘ला.’. नावामागची अक्षरेही जाणकार वाचतात. ‘पीएचएफ’ म्हणजे पॉल हॅरिस फेलो, ज्याच्या नावे रोटरी फाउंडेशनला हजार डॉलर दिले गेले तो. ‘एमजेएफ’ हा लायन्समधला तसाच, मेल्विन जोन्स यांच्या नावाचा सन्मान.

हजेरीला या क्लबांनी जितके महत्त्व दिले तितके फार थोड्या स्वयंसेवी संस्थांनी दिले असेल. रोटरीच्या जुन्या शिस्तीत सदस्याने सहा महिन्यांतल्या निदान निम्म्या बैठकांना यावे लागे, आणि लागोपाठ चार बैठका सबळ कारण नसताना चुकवल्या तर सदस्यत्व जाऊ शकत असे. त्याला एक सुंदर तोडही होती. चुकलेल्या बैठकीच्या आधीच्या किंवा नंतरच्या चौदा दिवसांत जगातल्या कुठल्याही रोटरी क्लबात जाऊन बसले की हजेरी भरून निघे. याला ‘मेकअप’ म्हणतात. खरेदीसाठी नागपूरला गेलेला व्यापारी तिथल्या बैठकीला जाऊ शके, मुलाकडे परदेशी गेलेला निवृत्त प्राध्यापक तिथल्या. पाहुणा आपल्या क्लबचा छोटा झेंडा देतो, त्यांचा घेतो. जुन्या क्लबच्या भिंतींवर किंवा कपाटांत अशा झेंड्यांचा संग्रह असतो. परक्या गावात आपल्याला बसायची जागा आहे ही भावना त्या नियमानेच तयार केली.

शिस्त राखण्यासाठी रोटरीत सार्जंट-ॲट-आर्म्स असतो. जागेची, बिल्ल्यांची, वेळेची व्यवस्था त्याच्याकडे. उशिरा आलेल्याला किंवा बिल्ला विसरलेल्याला तो किरकोळ दंडही करतो. लायन्समध्ये दंड करण्याचे काम टेल ट्विस्टरचे, आणि त्याच्याविषयीचा नियम मोठा मार्मिक आहे: तो कोणालाही दंड करू शकतो, पण त्याला दंड करायचा तर उपस्थित सर्वांचे एकमत लागते. दंडाची रक्कम क्षुल्लक असते. गावातल्या वजनदार माणसाने सगळ्यांदेखत दहा रुपये काढून देणे आणि हसणे, यात त्या तासापुरती बरोबरी जपली जाते.

अनेक रोटरी क्लबांत चार प्रश्नांची कसोटी म्हणून दाखवली जाते: आपण जे बोलतो, करतो ते खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव वाढेल का, ते सर्वांच्या हिताचे आहे का. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये ती बुडीत चाललेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या कंपनीसाठी लिहिली आणि १९४३ मध्ये रोटरीने स्वीकारली. व्यापाऱ्यांनी भरलेल्या खोलीत हे प्रश्न मोठ्याने उच्चारले जातात ही गोष्ट हलकी मानू नये.

पदे सगळी एका वर्षाची. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणून जून-जुलैत वर्तमानपत्रांत पदग्रहण समारंभांच्या बातम्या दिसतात. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष बदलतात. पुढच्या वर्षाचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो आणि त्याचे प्रशिक्षणही होते. क्लबांच्या वर ‘प्रांत’ असतो. मराठी मुलखात पुण्याचा ३१३१, मुंबईचा ३१४१, तर नाशिकपासून विदर्भापर्यंतचा ३०३०. प्रांतपालाने वर्षात प्रत्येक क्लबला भेट द्यावी अशी अपेक्षा असते. वर्षाच्या पदामुळे सत्ता एका हाती साचत नाही, हा मोठा फायदा. तोटाही तितकाच खरा: नव्या अध्यक्षाला नवे काम, नवा फलक, नवा फोटो हवा असतो आणि मागच्या वर्षीचे काम अर्धवट राहते. ज्या क्लबात जुने अध्यक्ष बैठकीला नियमित येतात तिथे ही गळती कमी होते, कारण गेल्या वर्षी दिलेल्या शिलाई यंत्रांचे काय झाले हे विचारणारे कोणीतरी समोर बसलेले असते.

हे विचारणे बालाघाटसारख्या जिल्ह्यात विशेष गरजेचे आहे. मध्य भारतातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झाली. या रोगाच्या अनेक रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त लागते. वर्षातून एक थाटाचे रक्तदान शिबिर घेऊन ती गरज भागत नाही, कारण साठवलेले रक्त जेमतेम पाच-सहा आठवडे टिकते. दर पंधरवड्याला भेटणाऱ्या वीस-पंचवीस माणसांकडे दात्यांची यादी असेल आणि कोणाची पाळी कधी हे ठरलेले असेल, तर ते शिबिरापेक्षा मोलाचे. बैठकीच्या नियमितपणाचा उपयोग इथे सरळ दिसतो.

पोलिओच्या लढाईत हे देशभर दिसले. रोटरीने १९८५ मध्ये ‘पोलिओ प्लस’ कार्यक्रम सुरू केला. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ पासून चालली. पोलिओ रविवारी बूथवर बसणे, लस पोहोचवणाऱ्यांना वाहने देणे, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांची समजूत काढणे ही कामे क्लबांनी वर्षानुवर्षे केली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पंधरा-वीस वर्षे तेच काम कंटाळा न करता करणे एका उत्साही अध्यक्षाला जमले नसते.

बैठकीच्या खोलीत कोण नव्हते, हेही सांगायला हवे. बायकांना रोटरीची दारे जगभर खुली झाली ती १९८९ मध्ये; त्याआधी १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल रोटरीच्या विरोधात गेला होता. लायन्सनी १९८७ मध्येच नियम बदलला. तोवर सदस्यांच्या पत्नी ‘ॲन’ आणि मुले ‘ॲनेट्स’ म्हणून कौटुंबिक कार्यक्रमांना येत, आणि इनर व्हील ही १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेली संघटना स्त्रियांचे काम वेगळे चालवी. आज अनेक गावांत स्त्रिया अध्यक्षपदी आहेत, तरी संध्याकाळी आठच्या बैठकीला घरचा स्वयंपाक टाकून येणे कोणाला सोपे आणि कोणाला अवघड, हा प्रश्न संपलेला नाही. वर्गणीचा प्रश्नही तसाच. क्लबचा, प्रांताचा आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचा वाटा, शिवाय जेवणाचा खर्च मिळून ही रक्कम पगारदार शिक्षकाला विचार करायला लावते. बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरकडचा गोंड किंवा बैगा आदिवासी माणूस क्लबच्या शिबिरात लाभार्थी म्हणून येतो. बैठकीत सदस्य म्हणून त्याला जागा मिळणे दूरच राहते. ज्यांच्यासाठी काम करायचे ते खोलीबाहेर राहिले तर कामाची निवड चुकण्याचा धोका असतो. दर आठवड्याच्या वक्त्याची खुर्ची हा त्यावरचा एक उपाय आहे. तिथे बडा पाहुणाच बसवायचा असे नाही. आशा कार्यकर्ती किंवा आश्रमशाळेचा मुख्याध्यापक बोलला तर क्लबला गावाची खरी माहिती मिळते.

आता नियम बरेच सैल झाले आहेत. रोटरीने २०१६ मध्ये साप्ताहिक बैठकीची सक्ती काढली. महिन्यातून निदान दोन बैठका व्हाव्यात आणि त्या समोरासमोर, ऑनलाइन किंवा एखाद्या सेवाकार्याच्या जागीही होऊ शकतील, असे ठरले. १९६८ मध्ये सुरू झालेल्या रोटरॅक्ट या तरुणांच्या शाखेची वरची वयोमर्यादा २०२० मध्ये उठली. नोकरीसाठी नागपूर, पुणे, रायपूरला गेलेल्या बालाघाटच्या तरुणांना ऑनलाइन बैठकीमुळे गावच्या कामात राहता येते, पण रक्ताची पिशवी मात्र गावात असलेल्यालाच पोहोचवावी लागते. नियम सैल झाले तरी नवा रोटरी क्लब स्थापायचा तर किमान २० सदस्य लागतात. वेगवेगळ्या व्यवसायांची यादी करून माणसे जमवावी लागतात, पदाधिकारी निवडावे लागतात आणि उपविधी मंजूर करावे लागतात. त्या उपविधींतच क्लबची बैठक कोणत्या वारी आणि किती वाजता भरेल, ते लिहिलेले असते.