नागार्जुनाची मूस

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण अमरावती-अकोल्याकडच्या मुलांनी आजीच्या तोंडून ऐकली असेलच. आपलं ते सोनं काळ्या मातीतून, कपाशीच्या बोंडातून निघतं. पण याच विदर्भात जन्मलेला एक माणूस म्हणे चक्क दगडाचं सोनं करायचा! त्याचं नाव नागार्जुन.

१४व्या शतकातल्या बुस्तोन नावाच्या तिबेटी पंडितानं त्याची गोष्ट लिहून ठेवली आहे. विदर्भातल्या एका श्रीमंत ब्राह्मणाला मोठ्या नवसानं मुलगा झाला. ज्योतिषी म्हणाले, पोर फार जगायचं नाही. खूप दानधर्म केला, तर सात वर्षं. सातवं वर्ष सरत आलं, तेव्हा त्याचं मरण डोळ्यांनी बघायला नको म्हणून आईबापांनी त्याला घरातून दूर पाठवलं. पोरगा हिंडत हिंडत नालंदेच्या बौद्ध विहारात पोचला आणि वाचला. पुढे तिथे दुष्काळ पडला. भिक्षूंना खायला दाणा नाही! मग नागार्जुन चंदनाची दोन मंतरलेली पानं घेऊन समुद्रातल्या एका बेटावर गेला, तिथल्या सिद्धाकडून सोनं करण्याची विद्या शिकून आला आणि सगळ्यांना जेवू घातलं. उपाशी माणसांसाठी सोनं करणारा हा किमयागार मला फार आवडतो.

७व्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग सांगतो, की नागार्जुनानं औषध शिंपडून दगडांचं सोनं केलं. ११व्या शतकातला विद्वान अल्-बिरूनी म्हणतो, तो सोमनाथजवळचा होता आणि माझ्या आधी जेमतेम शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. आणि नागार्जुन नावाचे थोर बौद्ध तत्त्वज्ञ तर २ऱ्या शतकातले! आता करा वजाबाकी. एक माणूस आठशे वर्षं कसा जगेल? म्हणून अभ्यासक मानतात, की एकाच नावाची निदान दोन माणसं होऊन गेली आणि लोकांनी त्यांच्या गोष्टी एकमेकींत गुंफून टाकल्या. आपल्या रामटेकजवळ तर नागार्जुनाच्या नावाची टेकडीसुद्धा आहे.

त्याच्या पोथ्यांचंही असंच गूढ. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास छापला आणि त्यात नागार्जुनाच्या ‘रसरत्नाकर’ ग्रंथाची ओळख करून दिली. पुढे १९८४ साली डॉमिनिक वुजास्टिक या संशोधकानं राय यांनी वापरलेलं हस्तलिखित बारकाईनं तपासलं. त्यात ‘रसेंद्रमंगल’ नावाच्या वेगळ्याच ग्रंथाचा मजकूर मिसळलेला निघाला! म्हणजे सगळे ज्याचं नाव घेत होते, तो नागार्जुनाचा ‘रसरत्नाकर’ नावाचा ग्रंथ बहुधा कधी नव्हताच.

पण मजकूर तर खराच होता ना! आणि तो वाचताना मला सगळ्यांत मोठी गंमत वाटते ती ‘रसक’ नावाच्या खनिजाची. रसकाबरोबर तांबं तीनदा भाजलं, तर त्याचं सोनं होतं, यात नवल ते काय, असं त्यात म्हटलंय. रसक म्हणजे जस्ताचं खनिज. मातीच्या बंद मुशीत कोळसा, रसक आणि तांबं घालून खूप तापवलं, की जस्ताची वाफ होते आणि तांब्यात शिरते. लालसर तांबं पिवळं होतं. ओळखलंत? पितळ! पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यातली घुंगरं चिंचेनं घासून बघा. काळपट थर निघाला, की खालून जो पिवळा रंग चमकतो, तो पहिल्यांदा बघणाऱ्याला सोनंच वाटला असेल.

मग फरक कळायचा कसा? सराफाकडे कसोटीचा काळा दगड असतो. त्यावर पितळ घासलं तरी पिवळी रेघ उमटते आणि सोनं घासलं तरी पिवळीच. पण वर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडला, की पितळेची रेघ विरघळून जाते. अस्सल सोन्याची जागची हलत नाही.

किमयागारांचा खरा लाडका मात्र पारा. लाल हिंगूळ तापवला, की त्यातून चांदीसारखा वाहता धातू बाहेर पडतो. सोनं त्यात मिसळून जातं, आणि तापवलं, की पारा उडून सोनं मागे राहतं. (घरी थर्मामीटर फुटला, तर त्या पाऱ्याला हात लावू नका हं. त्याची वाफ विषारी असते. आधी मोठ्यांना हाक मारा.) असं मागे राहिलेलं सोनं बघून कुणालाही वाटेल, पाऱ्याच्या पोटातच सोनं लपलंय!

आणि गंमत म्हणजे, ही दोघं आहेतच शेजारी. पाऱ्याच्या अणूच्या केंद्रात ८० प्रोटॉन असतात, सोन्याच्या ७९. फरक फक्त एका प्रोटॉनचा! पण भट्टी कितीही पेटवली, तरी अणूच्या केंद्राला धक्का लागत नाही. १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा केला आणि खरोखर सोनं तयार झालं. पण अगदी चिमूटभरही नव्हे, आणि तेही किरणोत्सारी. थोड्याच दिवसांत त्यातलं बरंचसं सोनं पुन्हा पारा होऊन गेलं.